सोमवारी, सकाळी, रात्री: इंग्रजीत वेळेच्या आधी नेमका कोणता शब्द लावायचा?

‘सोमवारी ये’, ‘सकाळी ये’, ‘रात्री ये’. तिन्ही ठिकाणी मराठीने एकच काम केलं, शब्दाच्या शेवटी ई लावली. शाळेत घोकलेल्या सप्तमीच्या ‘त, ई, आ’मधली ही ई. आता हेच इंग्रजीत सांगायला जा: ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’. आपल्या एका ईला तिथे तीन वाटा फुटल्या.

मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. येणारे बहुतेक नोकरदार, थोडे दुकानदार, एखाददुसरी परीक्षेची तयारी करणारी मुलगी. ॲट, ऑन, इनचा तक्ता त्यांनी शाळेत पाठ केलेला असतो, विचारला तर घडाघडा म्हणूनही दाखवतात. पण अर्ज लिहायला बसले की चुका ठरलेल्या जागीच होतात, कारण वाक्य सुचतं मराठीत आणि तक्ता असतो इंग्रजीत. म्हणून मी आता उलट्या बाजूने शिकवतो. मराठीचा कोणता प्रत्यय इंग्रजीत कुठे फाटतो तेवढं ओळखायचं आणि त्या फाट्यावर एक प्रश्न विचारायचा. असे फाटे फार नाहीत. उदाहरणं देवनागरीतच देतो. मोठ्याने वाचून बघा, चूक डोळ्याआधी कानाला कळते.

पायरी १ : आधी बघा, शब्द लागतो तरी का?

सगळ्यात सोपी सुधारणा म्हणजे नको तिथला शब्द काढून टाकणं. वेळेच्या आधी ‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’ किंवा ‘एव्हरी’ आला की ॲट, ऑन, इन यांपैकी काहीही लावायचं नाही. ‘ऑन लास्ट मंडे’ नाही, नुसतं ‘लास्ट मंडे’. ‘इन नेक्स्ट मंथ’ नाही, ‘नेक्स्ट मंथ’. ‘टुडे’, ‘टुमॉरो’, ‘यस्टरडे’, ‘टुनाइट’ हेही कुणाचा टेकू मागत नाहीत. ‘ऑन टुमॉरो’ असं लिहिलेले निरोप मी इतके पाहिलेत की आता लाल पेन आपोआप उचललं जातं.

इथेच आपली आणखी एक सवय आडवी येते. ‘आज सकाळी’चं आपण ‘टुडे मॉर्निंग’ करतो आणि ‘काल रात्री’चं ‘यस्टरडे नाइट’. रूढ इंग्रजीत ते ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘लास्ट नाइट’. गंमत म्हणजे ‘यस्टरडे मॉर्निंग’, ‘यस्टरडे इव्हनिंग’, ‘टुमॉरो मॉर्निंग’, ‘टुमॉरो नाइट’ हे सगळं चालतं. म्हणजे अडचण फक्त ‘टुडे’ला दिवसाचा भाग जोडण्यात आणि काल रात्रीत. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

‘परवा’ हा तर आपला लबाड शब्द. होऊन गेलेला परवाही तोच, येणारा परवाही तोच, काय ते क्रियापदाने ठरवायचं. इंग्रजीत ‘द डे बिफोर यस्टरडे’ आणि ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असा चार-चार शब्दांचा लवाजमा आहे. आणि ‘नेक्स्ट मंडे’ म्हणजे चार दिवसांवर आलेला सोमवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही वाद होतात. तेव्हा सरळ तारीख लिहावी.

पायरी २ : दिवस हे माप धरा

शब्द लागतो हे ठरलं की वेळेचा आकार बघायचा. हे एक वाक्य घ्या:

‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन लेफ्ट बोरीबंदर ॲट ३.३५ इन द आफ्टरनून ऑन १६ एप्रिल १८५३.’

बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी. तिच्या एका वाक्यात तिघेही भेटतात. घड्याळातला काटा जिथे टेकतो तो ठिपका म्हणजे ॲट. तारीख किंवा वार, म्हणजे बरोबर एक दिवस, तिथे ऑन. आणि ज्याच्या पोटात काहीतरी घडू शकेल एवढा ऐसपैस काळ, म्हणजे महिना, ऋतू, वर्ष, दशक, शतक, तिथे इन. ‘इन एप्रिल’, ‘इन १८५३’, ‘इन समर’, ‘इन द नाइनटीन्थ सेंच्युरी’.

दुपार दिवसापेक्षा लहान, तरी तिला ‘इन’ कसं? सकाळ, दुपार, संध्याकाळ हे ठिपके नाहीत, त्यांना लांबी आहे, म्हणून ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’, ‘इन द इव्हनिंग’. मात्र त्यांना वार किंवा तारीख चिकटली की ‘इन’ गळून पडतं आणि ‘ऑन’ येतं: ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ऑन द मॉर्निंग ऑफ १ मे’. वर्गात मी हे एवढंच सांगतो: दिवस नेमका ठरला की ऑन. याच हिशेबाने ‘ऑन माय बर्थडे’, ‘ऑन अवर वेडिंग डे’, इतकंच काय ‘ऑन अ रेनी इव्हनिंग’सुद्धा. तारीख सांगितली नसली तरी संध्याकाळ एकच आहे.

आता एकच घटना तीन मापांनी लिहून बघा. ‘महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड इन १९६०.’ ‘महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड इन मे १९६०.’ ‘महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड ऑन १ मे १९६०.’ वाक्यात महिना आणि वर्ष तिसऱ्यांदाही आहेत, पण निकाल दिला तो ‘१’ या आकड्याने. सगळ्यात लहान माप जे असेल ते जिंकतं. ‘इन १ मे’ लिहिणारा वर्षाकडे बघत असतो, त्याने तारखेकडे बघायला हवं.

रात्र मात्र हट्टी आहे. ‘ॲट नाइट’ हे नेहमीचं: ‘आय कान्ट स्लीप ॲट नाइट’, रात्री झोप लागत नाही. ‘इन द नाइट’ म्हणजे एखाद्या विशिष्ट रात्री, मधेच कधीतरी: ‘द डॉग्ज बार्क्ड इन द नाइट’, रात्रीत कुत्री भुंकली. ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ हे ठिपके, म्हणून दोघांनाही ॲट.

सणांचं काय? ‘दिवाळीत’मधला त आपल्याला ‘इन दिवाळी’कडे ढकलतो. सणाचे चार-पाच दिवस मिळून सांगायचे असतील तर ‘ॲट दिवाळी’ किंवा ‘ड्युरिंग दिवाळी’ लिहा. पाडवा, भाऊबीज असा एकच दिवस असेल तर ‘ऑन पाडवा’, ‘ऑन भाऊबीज’. सुट्टी लांबलचक, तिला ‘इन द दिवाळी व्हेकेशन’ चालतं, ‘ड्युरिंग’ही चालतं. वीकेंडला ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. आपण कुठलंही एक धरावं, एकाच पत्रात दोन्ही नकोत.

जाता जाता एक जोडी, कारण ती आपल्या हिशेबखात्यांत रोज लागते. ‘मार्चअखेर’ म्हणजे ‘ॲट द एंड ऑफ मार्च’. ‘इन द एंड’चा महिन्याशी संबंध नाही, ते आपलं ‘शेवटी एकदाचं’: ‘इन द एंड, द चेक केम’, शेवटी एकदाचा चेक आला.

पायरी ३ : ‘पर्यंत’चा फाटा

हा सगळ्यात महागडा फाटा, म्हणून इथे जरा थांबू.

‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा.’ ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे.’ मराठीत दोन्हीकडे पर्यंतच. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’ किंवा ‘अन्टिल फ्रायडे’. फरक असा: फॉर्म भरणं एकदाच घडतं, त्या मुदतीआधी कधीही. दुकान बंद असणं मात्र त्या क्षणापर्यंत चालूच राहतं.

ओळखायची युक्ती आपल्याच भाषेत आहे. ‘पर्यंत’ काढा आणि ‘च्या आत’ घालून बघा. ‘सहापर्यंत घरी येतो’चं ‘सहाच्या आत घरी येतो’ होतं, वाक्य नीट उभं राहतं, म्हणून बाय: ‘आय विल बी होम बाय सिक्स.’ ‘सहापर्यंत थांबतो’चं ‘सहाच्या आत थांबतो’ केलं की अर्थच बिघडतो, म्हणून टिल: ‘आय विल वेट टिल सिक्स.’ आमच्याकडे सगळ्यात जास्त आढळणारं चुकीचं वाक्य म्हणजे ‘आय विल फिनिश द वर्क टिल फ्रायडे’. संपवणं ही एकदाच घडणारी गोष्ट, तिथे बायच.

बायमध्ये तो दिवस धरलेला असतो. ‘बाय फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवारी दिलेलं चालतं, ‘बिफोर फ्रायडे’ म्हटलं तर गुरुवारी हातात हवं. आणि वर जी ‘मार्चअखेर’ आली तिला ‘पर्यंत’ जोडला की ‘बाय द एंड ऑफ मार्च’.

आता ‘जोपर्यंत’. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ मराठीत ‘नाही’ दोनदा येतं आणि ते बरोबरच आहे. पण इंग्रजीतल्या अन्टिलने पहिलं ‘नाही’ आपल्या पोटात घेतलेलं असतं. म्हणून ‘आय वोन्ट ईट अन्टिल यू कम.’ ‘अन्टिल यू डोन्ट कम’ लिहिलंत तर वाचणारा गोंधळतो. ‘अन्टिल यू विल कम’ही नको. अन्टिलच्या मागे भविष्यकाळ असला तरी क्रियापद साधं वर्तमानातलं ठेवायचं. ‘नाही’ मुख्य वाक्यात असलं तर काही हरकत नाही: ‘द बँक डझन्ट ओपन अन्टिल इलेव्हन’, बँक अकरापर्यंत उघडत नाही.

या टिलने माझा एक दिवसाचा पगार खाल्ला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी रजेच्या अर्जात मी लिहिलं, ‘आय विल बी ऑन लीव्ह टिल १० मे.’ माझ्या मनात होतं की दहाही रजेतच, अकराला हजर. वरिष्ठांनी वाचलं, दहाला हजर. दोघांचंही इंग्रजी बरोबर होतं, कारण टिलमध्ये शेवटचा दिवस धरायचा की नाही याचा निकाल तो शब्द देतच नाही. दहाची बिनपगारी लागली. तेव्हापासून मी लिहितो आणि लिहायला लावतो: ‘फ्रॉम ५ मे टू १० मे, बोथ डेज इन्क्लूझिव्ह’. त्याच्या खाली, कितीही उघड वाटलं तरी, हजर होण्याची तारीख वेगळ्या वाक्यात. अमेरिकन लोकांनी यावर ‘मंडे थ्रू फ्रायडे’ अशी तोड काढली आहे, त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो. आपल्या कार्यालयांत मात्र ती रुळलेली नाही.

स्पेलिंगचं इथेच उरकू. टिलला दोन एल: टी-आय-डबल एल. अन्टिलला एकच: यू-एन-टी-आय-एल. लोक नेमकं उलटं करतात, कारण त्यांना वाटतं टिल हा अन्टिलचा कापलेला तुकडा. खरं तर टिल जुना, अन्टिल त्याच्या नंतर आला. एक एल आणि आधी ॲपॉस्ट्रॉफी असलेला टिल मेसेजमध्ये ठीक, अर्जात नको. टिल आणि अन्टिल यांच्या अर्थात फरक नाही. अन्टिल किंचित औपचारिक, आणि वाक्याची सुरुवात करायची तर तोच बरा.

आणि ‘अप टू’ हे दोन शब्द आहेत. दुकानांच्या सेलच्या पाट्यांपासून परीक्षेच्या सूचनांपर्यंत सगळीकडे ते जोडून छापलेलं दिसतं. म्हणून ते बरोबर होत नाही.

पायरी ४ : ‘पासून’चा फाटा

‘२०१९पासून ठाण्यात राहतो.’ ‘पाच वर्षांपासून ठाण्यात राहतो.’ इथे प्रश्न एकच: ‘पासून’च्या आधी सुरुवातीची खूण आहे की मोजलेला काळ? खूण असेल तर सिन्स, मोजलेला काळ असेल तर फॉर. ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स गुढीपाडवा’, ‘सिन्स चाइल्डहुड’. पण ‘फॉर फाइव्ह इयर्स’, ‘फॉर टू अवर्स’, ‘फॉर अ लाँग टाइम’.

याचीही मराठी कसोटी आहे. ‘पासून’ काढून ‘झाली’ लावा. ‘पाच वर्षं झाली’ बरोबर वाटतं, तर फॉर. ‘२०१९ झालं’ याला काही अर्थ नाही, तर सिन्स. ‘बराच वेळ झाला’ जमतं, म्हणून फॉर. ‘लहानपण झालं’ जमत नाही, म्हणून सिन्स. वर्गात ही कसोटी सांगितली की पुढचे दोन दिवस सगळे एकमेकांना ‘झालं का’ विचारत फिरतात.

शब्द बरोबर निवडूनही वाक्य पडतं ते क्रियापदावर. ‘राहतो आहे’चं आपण सरळ ‘ॲम लिव्हिंग’ करतो. मराठीला त्यात काही खटकत नाही, कारण राहणं आजही चालूच आहे. इंग्रजीला मात्र भूतकाळात रोवलेलं एक टोक आणि आजचं टोक बांधणारा काळ लागतो: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर फाइव्ह इयर्स.’ म्हणजे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या आपल्या लाडक्या वाक्यात चुका दोन आहेत, एक काळाची आणि एक सिन्सची. मुलाखतीत पहिलंच वाक्य हे असतं. निदान एवढं एक तरी घासून घ्या.

फ्रॉम तिसरा. तो सुरुवात सांगतो, आजपर्यंत चालू आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘नवीन वेळापत्रक सोमवारपासून लागू’: ‘द न्यू टाइमटेबल अप्लाइज फ्रॉम मंडे.’ पण ‘शाळा सोमवारपासून सुरू’ हे ‘स्कूल स्टार्ट्स फ्रॉम मंडे’ असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, तिथे रूढ इंग्रजी ‘स्टार्ट्स ऑन मंडे’ म्हणतं. लागू असणं पुढे चालत राहतं, सुरू होणं एकाच दिवशी घडतं. ‘पर्यंत’च्या वेळी विचारला तोच प्रश्न इथेही कामाला येतो: गोष्ट चालू राहते की एकदाच घडते?

फॉरचाच एक शेजारी म्हणजे ड्युरिंग. फॉर सांगतो किती वेळ, ड्युरिंग सांगतो कशाच्या दरम्यान. ‘इट रेन्ड फॉर टू वीक्स’, ‘इट रेन्ड ड्युरिंग द मॅच’. आकड्यापुढे ड्युरिंग येत नाही, ‘ड्युरिंग टू वीक्स’ नाही. पुढे कर्ता-क्रियापदाचं पूर्ण वाक्य असेल तर ड्युरिंगच्या जागी व्हाइल: ‘व्हाइल आय वॉज कुकिंग’. आणि आपला ‘भर’, म्हणजे दिवसभर, वर्षभर, त्याला ‘ऑल डे’ किंवा ‘थ्रूआउट द इयर’.

पायरी ५ : दोन दिवसांनी, दोन दिवसांत, दोन दिवसांपूर्वी

इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. ‘पाच मिनिटांनी येतो’ आणि ‘पाच मिनिटांत येतो’ यांतला फरक घरातल्या लहान पोरालाही कळतो. इंग्रजीत दोन्हीला ‘इन फाइव्ह मिनिट्स’ चालून जातं. मुदत ठणकावून सांगायची असली तर ‘विदिन’: ‘रिटर्न द आयटम विदिन सेव्हन डेज’, सात दिवसांच्या आत.

‘दोन दिवसांनी भेटू’चं ‘वी विल मीट आफ्टर टू डेज’ करणं ही आपली सवय. आपल्या देशात ते सगळ्यांना समजतं, पण आजपासून पुढे मोजायचं असेल तर रूढ शब्द इन आहे: ‘वी विल मीट इन टू डेज.’ आफ्टर ठेवावा घटनेसाठी: ‘आफ्टर लंच’, ‘आफ्टर द मीटिंग’. गोष्ट भूतकाळातली सांगत असाल तर ‘टू डेज लेटर’.

मागे मोजताना चूक जास्त ठळक होते. ‘दोन दिवसांपूर्वी भेटलो’: ‘आय मेट हिम टू डेज अगो.’ ‘बिफोर टू डेज’ नाही. अगो नेहमी आकड्याच्या मागे उभा राहतो, अगदी आपल्या ‘पूर्वी’सारखा, म्हणून तो जमायला खरं तर सोपा. त्याच्याबरोबर क्रियापद साध्या भूतकाळातलं: ‘आय मेट’, ‘आय हॅव मेट’ नाही. बिफोरला मागे टेकायला एखादी घटना किंवा सण लागतो: ‘बिफोर दिवाळी’, ‘टू डेज बिफोर दिवाळी’. ‘टू इयर्स बॅक’ बोलताना खुशाल म्हणा, अर्जात अगो लिहा.

आणि या सगळ्या भानगडीत एक जागा अशी आहे जिथे दोन्ही भाषांनी आपसांत ठरवून घेतल्यासारखं वाटतं. ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऑन टाइम’, ‘वेळेत’ म्हणजे ‘इन टाइम’. वरला ऑन, तला इन. गाडी वेळेवर आली, म्हणजे वेळापत्रकात छापलेल्या मिनिटाला: ‘द ट्रेन केम ऑन टाइम.’ आपण वेळेत पोचलो, म्हणजे ती सुटायच्या आत: ‘वी रीच्ड द स्टेशन इन टाइम.’ इथे मराठीवर डोळे मिटून विश्वास ठेवा, अशी संधी पुन्हा येत नाही.

‘दहा ते पाच’ या जोडीबद्दल थोडक्यात. ‘फ्रॉम’चा जोडीदार ‘टू’, ‘बिट्वीन’चा जोडीदार ‘अँड’. ‘फ्रॉम टेन टू फाइव्ह’ म्हणजे पूर्ण वेळ, ‘बिट्वीन टेन अँड फाइव्ह’ म्हणजे त्या दरम्यान कधीही. ‘बिट्वीन टेन टू फाइव्ह’ ही खिचडी पाट्यांवर दिसते. तुमच्या पाटीवर नको.

पायरी ६ : स्पेलिंगची झडती

वाक्य झालं की पुन्हा एकदा फक्त स्पेलिंगसाठी वाचा. वेळेच्या शब्दांत फसवणारे ठरावीक आहेत. ‘हाफ पास्ट सिक्स’मधला पास्ट पी-ए-एस-टी. शेवटी डबल एस-ई-डी असलेला पास्ड म्हणजे ओलांडला किंवा परीक्षा पास झाला. उच्चार एकच, म्हणून घोटाळा. ‘बाय’चंही तसंच: मुदतीचा बी-वाय, खरेदीचा बी-यू-वाय, निरोपाचा बी-वाय-ई. ‘सिन्स’ एस-आय-एन-सी-ई. घाईत त्याचा एस-ई-एन-एस-ई होतो आणि तारखेच्या जागी अक्कल येऊन बसते. ड्युरिंगमध्ये आर एकच. बिफोरच्या शेवटी ई. विदिन आणि थ्रूआउट जोडून एक शब्द.

फॉर आणि आकडा चार यांत यू-चा फरक हे सगळ्यांना माहीत असतं. पण चाळीसमध्ये यू नसतो, एफ-ओ-आर-टी-वाय, हे चेक लिहिणाऱ्यांनाही आठवत नाही. क्रमवाचकांत नववा म्हणजे एन-आय-एन-टी-एच, मधला ई जातो. आठवा ई-आय-जी-एच-टी-एच, टी एकच. बारावा टी-डब्ल्यू-ई-एल-एफ-टी-एच, त्यातला एफ उच्चारात हरवतो, लिहिताना हवाच. टुमॉरोत एम एक, आर दोन. वेन्सडेत न ऐकू येणारा डी आणि फेब्रुवारीत पहिला आर विसरू नका. ओक्लॉकमध्ये ओनंतर ॲपॉस्ट्रॉफी येते, कारण मूळ ‘ऑफ द क्लॉक’ आहे.

‘एव्हरी डे’ दोन शब्दांत म्हणजे दररोज. जोडून लिहिला की रोजचा, नेहमीचा: ‘एव्हरीडे क्लोद्ज’. वार आणि महिने मोठ्या अक्षराने सुरू, ऋतू मात्र लहान अक्षराने. ‘६ ए.एम. इन द मॉर्निंग’ लिहू नका, ए.एम.मध्ये सकाळ आलेलीच असते. आणि कार्यालयीन पत्रातलं ते ‘ऑन डेटेड ५ जून’! ‘युअर लेटर डेटेड ५ जून’ म्हणा किंवा ‘युअर लेटर ऑफ ५ जून’. डेटेड आला की ऑनला काही काम उरत नाही.

शेवटी एक अर्ज, पहिल्या ओळीपासून

मागच्या बॅचमध्ये एकाने खरोखरीचा अर्ज आणला होता. मराठी कच्चा मसुदा असा:

‘मी तीन वर्षांपासून आपल्याकडे काम करतो. वडिलांचं ऑपरेशन सोमवारी सकाळी नऊ वाजता आहे. त्यांना पाच दिवस दवाखान्यात राहावं लागेल. मला सोमवार ५ ते शुक्रवार ९ मेपर्यंत रजा हवी. हातातलं काम या शनिवारपर्यंत पूर्ण करतो.’

फळ्यावर एकेक फाटा घेतला. ‘तीन वर्षांपासून’: तीन वर्षं झाली, जमतं, फॉर. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ ‘सोमवारी सकाळी नऊ वाजता’: नऊला ॲट, सोमवार ठरलेला म्हणून सकाळीला इन नाही. ‘माय फादर्स ऑपरेशन इज ॲट नाइन ऑन मंडे मॉर्निंग.’ पाच दिवस, आकडा आहे, ड्युरिंग नाही. ‘ही विल बी इन हॉस्पिटल फॉर फाइव्ह डेज.’ या वाक्यातला ‘इन’ जागेचा आहे, वेळेचा नाही, हे एका मुलीने आपणहून सांगितलं. रजा: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह फ्रॉम मंडे, ५ मे टू फ्रायडे, ९ मे, बोथ डेज इन्क्लूझिव्ह.’

‘शनिवारपर्यंत पूर्ण’ला सगळ्यांनी एका सुरात ‘बाय’ म्हटलं. मी ‘बाय धिस सॅटर्डे’ लिहिलं, तेव्हा मागून शंका आली की ‘धिस’च्या आधी शब्द नको ना, पहिल्याच पायरीत सांगितलंत. शंका रास्त होती. ‘धिस’ गळायला लावतो तो ॲट, ऑन, इन यांना. बाय, टिल, सिन्स यांचा अर्थ वेगळा आहे, ते गेले तर मुदतच जाईल, म्हणून ते राहतात. ‘सिन्स लास्ट मंडे’, ‘टिल नेक्स्ट वीक’, ‘बाय धिस सॅटर्डे’.

अर्ज झाला असं वाटून त्याने कागदाची घडी केली होती. हजर होण्याची ओळ राहिली होती. त्याने लिहिलं, ‘आय विल रिझ्यूम ड्यूटी फ्रॉम मंडे, १२ मे’, आणि फ्रॉमवर पेन ठेवून थांबला. रुजू होणं चालू राहतं की एकदाच घडतं, असं स्वतःशीच पुटपुटला. मग फ्रॉम खोडून त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ऑन लिहिलं.